गयेला जायच्या आधी पणजीचं नाव विचारून घ्या

आई जायच्या आधी वर्षभर तिचा एकच धोशा होता, तुझ्या बाबांचं गयेला पिंडदान करून ये. मी दरवेळी हो म्हणायचो, हो म्हणायला काय जातंय. बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या होत्या, दहावं बारावं तेरावं सगळं रीतसर झालं होतं, दरवर्षी भाद्रपदात त्यांच्या तिथीला पान वाढत होतो, त्यामुळे मनातून मला वाटायचं की आता अजून काय राहिलंय. आणि नाशिकच्या माणसाला तर हे जास्तच वाटतं. लांब लांबचे लोक अस्थी घेऊन आपल्या गोदावरीवर येतात, आणि आपण उठून बिहारला कशाला जायचं? मग आई पण गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री ताई भांडी आवरता आवरता एवढंच म्हणाली, "आता दोघांचं मिळून करू, बघ कधी रजा मिळते." त्यावर मला हो शिवाय काही बोलता आलं नाही, पण या वेळचं हो खरं होतं.

आमच्या गुरुजींना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "तिकीट नंतर काढा, आधी नावं काढा." मला वाटलं आईबाबांची नावं आणि गोत्र, झालं. तर नाही. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्या तिघांच्या तिघी बायका. अशी बारा नावं तर कमीत कमी पाहिजेत, आणि त्याशिवाय काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, कुणी गुरू, कुणी जवळचा मित्र, घरात अपघातानं किंवा लहान वयात कुणी गेलं असेल तर ते वेगळं. घरी आलो आणि ताईने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून तक्ता केला. पुरुषांची सहा नावं अर्ध्या तासात भरली. बायकांच्या रकान्यात आई आणि दोन्ही आज्या, पुढं सगळं कोरं.

आज्यांचं पण सरळ नव्हतं बरं का. बाबांच्या आईची तीन नावं निघाली, माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, आणि रेशनकार्डावर तिसरंच, ते कुणी घातलं देव जाणे. गुरुजी म्हणाले लग्नानंतरचं घ्या. मग दोन आठवडे ताईचे फोन. आईकडच्या दोघी पणज्या (म्हणजे आईची आजी आणि पणजी) थोरल्या मावशीने बसल्या जागी सांगितल्या, तिला सगळं पाठ. राहिली ती बाबांची आजी, म्हणजे माझी पणजी. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात, तिकडच्या चुलत चुलत भावाला विचारलं, त्याने जुने फेरफार बघितले, त्यात पणजोबांच्या मागे वारस म्हणून तीन मुलगे लागलेले, पणजी पणजोबांच्या आधी गेलेली त्यामुळे तिचं नाव लागायचा प्रश्नच आला नाही. एकटी आत्याच राहिली होती विचारायची, ती चौऱ्याऐंशीची, तिला फोनवर ऐकूच येत नाही, तिची सून मध्ये ओरडून ओरडून सांगत होती "अहो तुमच्या आजीचं नाव विचारताहेत", आणि आत्या पलीकडून "मी बरी आहे, तू कसा आहेस." नाद सोडला. गुरुजींनी सांगितलं की नाव मिळालंच नाही तर गंगा म्हणायचं, अडत नाही काही. तक्त्यात शेवटच्या घरात ताईने पेन्सिलीने गंगा लिहिलं. पेनाने नाही लिहिलं.

आम्ही पितृपक्ष मुद्दाम टाळला. त्या पंधरवड्यात तिथं लाखांनी माणूस येतं, आणि गयेला वर्षभर कधीही केलेलं चालतं, तिथं काळवेळ आडवी येत नाही असं गुरुजींचं म्हणणं. फेब्रुवारीत नाशिकरोडहून मध्यरात्री मुंबई-हावडा मेल पकडली, ती गयेवरून जाणारी, आणि पुढचा अख्खा दिवस भुसावळ, जबलपूर, सतना करत खिडकीत बसून काढला. मी निघायच्या आदल्या दिवशी डोकं भादरून घेतलं होतं, तीर्थाला जायचं म्हणजे मुंडन आलंच या हिशोबाने. तिथं गेल्यावर कळलं की प्रयागला मुंडन आहे पण गयेला मुंडन सांगितलेलंच नाही. ताई तीन दिवस मधूनच माझ्या डोक्याकडे बघून हसत होती.

गाडी गयेत रात्री उशिरा लागली आणि स्टेशनच्या बाहेर पाय ठेवल्या ठेवल्या दोघं तिघं आडवे आले. "कौन राज्य? महाराष्ट्र? कौन जिला?" हे इतक्या झटपट की आपण उत्तर देऊन बसतो. तिथल्या पंड्यांना गयावाल म्हणतात आणि कुठल्या मुलखाचे यात्रेकरू कुणाचे हे त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या गुरुजींनी पंड्याचं नाव आधीच दिलेलं होतं, ते सांगितलं की बाकीचे निमूट बाजूला झाले, जरा आश्चर्यच वाटलं. कुणी जाणार असाल तर हे आधी ठरवून जा, आणि पैशाचं पण फोनवर बोलून घ्या. आमचं तीन दिवसांचं साहित्यासकट नऊ हजार ठरलं होतं. एका दिवसातही करता येतं, तीन दिवसांत करता येतं, आणि शास्त्रोक्त सगळ्या वेदी करायच्या तर सतरा दिवस. पूर्वी म्हणे तीनशे साठ वेदी होत्या, आता पन्नासच्या आसपास उरल्यात. वेदी म्हणजे पिंड द्यायची जागा, आपण समजतो तसा ओटा नाही, कुठं कुंड आहे, कुठं डोंगर आहे, कुठं झाड आहे, कुठं नुसता खांब.

पहिला दिवस फल्गूचा. मी लहानपणापासून ऐकलेलं की फल्गू कोरडी असते, वाळू उकरली की पाणी लागतं, सीतेचा शाप. आणि बघतो तर पाणी! विष्णुपदाजवळ 2022 साली रबराचा बंधारा घातलाय, त्यामुळे घाटापाशी आता वर्षभर पाणी अडवलेलं असतं. आमचे तिथले गुरुजी (पंडे स्वतः सगळं सांगत बसत नाहीत, विधी सांगायला त्यांचे आचार्य असतात) म्हणाले की त्यांचे वडील यजमानांना वाळूत हातभर खड्डा करून त्या पाण्यात तर्पण करायला लावायचे. त्यांना मराठी बऱ्यापैकी यायचं, यात्रेकरूंकडून ऐकून ऐकून शिकलेलं, म्हणजे "बसा, हात जोडा, पाणी सोडा, उठा, पुढे चला" एवढं अगदी पुणेरी आणि बाकी सगळं हिंदी.

मला जानवं नाही, तर उपरणं उजव्या खांद्यावरून घ्यायला लावलं, ते अपसव्य. देवाचं असलं की डाव्या खांद्यावर, पितरांचं असलं की उजव्या. दक्षिणेकडे तोंड. अनामिकेत दर्भाचं पवित्रक. तीळ घातलेलं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, बोटांच्या टोकावरून नाही, ते देवांचं. हे मी बाबांच्या वेळी केलंच होतं पण तेव्हा काही कळत नव्हतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, जो जसं सांगेल तसं करत होतो. या वेळी जवाच्या पिठाचं सगळं हाताने मळलं, तीळ, मध, तूप, थोडं दूध, आणि लाडूएवढे पिंड वळायचे. ताई बाजूला बसून बघत होती आणि तिला राहवेना, "अरे घट्ट वळ, फुटतायत ते." पिंडाला भेगा पडलेल्या तिला चालेनात, आईची मुलगी.

मग एकेक नाव. आचार्य म्हणायचे गोत्र, नातं, आणि नावासाठी थांबायचे, मी तक्त्यात बघून नाव सांगायचो, ते बाईच्या नावापुढे "दा" लावून पुन्हा म्हणायचे आणि पिंड ठेवायचा. पणजीपाशी आलो तेव्हा मी म्हटलं गंगा. "गंगादा," ते म्हणाले आणि पुढं गेले. त्यांना काहीच वाटलं नाही, रोज असल्या पाच पन्नास गंगा येत असतील. मला मात्र खोटी सही केल्यासारखं झालं. तीन दिवसांत हे नाव मी किती वेळा घेतलं असेल, मोजलं नाही, पण दरवेळी जीभ किंचित अडायची.

त्याच दिवशी दुपारी पंड्यांच्या घरी गेलो, वहीसाठी, म्हणजे आधी येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी असतात ती. जुन्या वाड्यात लाकडी कपाटं आणि त्यात लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, उभ्या धरून न वाचता आडव्या उलगडायच्या. जिल्हा, तालुका, गाव, आडनाव विचारलं. मला खरंच आशा नव्हती. चाळीसेक मिनिटं ते म्हातारे गृहस्थ पानं उलटत होते, मधेच चहा आला, मधेच लाइट गेली, आणि मग त्यांनी बोट ठेवलं. आमचं गाव. वर शके 1852 देवनागरी आकड्यात स्वच्छ, म्हणजे 1930. खाली साताठ ओळी मोडीत. मला मोडीचं एक अक्षर येत नाही, ताईला येत नाही, पंडेजींना पण येत नव्हतं, ते नुसतं वर देवनागरीत टाकलेल्या गावाच्या नावावरून शोधतात. पण तळाला एक सही होती आणि ती मात्र बाळबोध अक्षरात, थरथरती, प्रत्येक अक्षर सुटं. पणजोबांचं नाव. ताईने आधी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग तसाच खाली घेतला, म्हणाली जरा थांब. आम्ही दोघं ते नुसतं बघत बसलो. मग काढले फोटो, सात आठ. तिला शंका होतीच, मला हळूच म्हणाली, "यात असेल रे तिचं नाव."

त्याखाली आमची नोंद लिहिली. पंडेजींनी माझं नाव, बाबांचं, आजोबांचं असं उतरवून घेतलं आणि वही मिटायला लागले तर ताई म्हणाली, थांबा. आणि मग तिने आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, आजीचं दोन्ही, माझ्या बायकोचं, माझ्या मुलीचं, स्वतःचं आणि स्वतःच्या दोन्ही मुलींचं असं सगळं लिहायला लावलं. त्यांनी आधी "इतना नहीं लिखते" केलं, मग लिहिलं. अक्षर बारीक करावं लागलं.

दुसरा दिवस प्रेतशिलेचा. हा डोंगर गावाबाहेर दहाएक किलोमीटरवर आहे, पायथ्याला ब्रह्मकुंड, तिथं आधी पिंड द्यायचे आणि मग चढायचं. पायऱ्या साडेसहाशेच्या वर आहेत असं सांगतात, मी अडीचशेला मोजायचं सोडलं. डोलीवाले पहिल्या पायरीपासून मागे लागतात आणि शंभराव्या पायरीला भाव निम्मा करतात. अकाली, अपघाताने गेलेल्यांसाठी वर करतात. आमचा एक चुलत भाऊ एकविसाव्या वर्षी घोटीच्या अलीकडे हायवेवर गेला होता, त्याचं लग्न झालेलं नव्हतं, मागे कुणी नाही, काकूने निघताना त्याचा पासपोर्ट साइज फोटो माझ्या खिशात घातला होता. काही बोलली नाही, नुसता खिशात घातला. वर देवळात असे शेकडो फोटो, भिंतीला टेकवलेले, कोनाड्यात, झाडाच्या बुंध्याशी, फ्रेमसकट, लॅमिनेशन केलेले, काही लग्नातले. तरुण मुली, बाळं, युनिफॉर्ममधला एक पोरगा. तिथं उभं राहवत नाही खरं सांगतो. मग सत्तूत तीळ मिसळून ते शिळेभोवती फिरत हवेत उडवायचं. वारा आमच्याच दिशेने होता, सगळं सत्तू माझ्या टकलावर आणि ताईच्या चष्म्यावर, आणि आचार्य म्हणतायत "पोहोचलं, पोहोचलं."

फोटो तिथं ठेवायचा म्हणून काढला आणि मला तो ठेववेना. काकूकडे त्याचे दुसरे असतील नसतील. ताईने माझ्या हातातून घेतला, मोबाइलवर त्याचा एक फोटो काढला, आणि मग ठेवला. तिला असं सुचतं, मला नाही.

संध्याकाळी नव्या पायपुलावरून पलीकडे सीताकुंडावर गेलो. तिथं वाळूचे पिंड. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, राम लक्ष्मण सामान आणायला गेलेले, मुहूर्त टळत होता, दशरथाने हात पुढं केला आणि सीतेने जवळ काही नाही म्हणून वाळूचा पिंड दिला. राम आल्यावर पटेना, तर साक्षीला फल्गू, गाय, केवडा, ब्राह्मण आणि वड, त्यातला एकटा वड खरं बोलला. म्हणून फल्गू वाळूखाली गेली, केवडा पूजेतून गेला, आणि वड अक्षय झाला. ब्राह्मणाला काय शाप दिला ते आचार्यांनी स्वतःच हसत सांगितलं, कितीही दक्षिणा मिळाली तरी समाधान होणार नाही. मी म्हटलं चला, उद्याची तयारी झाली. इथं ताई सरळ जाऊन बसली. मी आचार्यांकडे बघितलं, ते म्हणाले "सीताजींनी दिला ना, मग मुलगी का नाही." ती वाळू मुठीत घेऊन आईला पिंड करत होती आणि ओली वाळू पण तिने पिठासारखी घट्ट, गुळगुळीत वळली.

तिसरा दिवस विष्णुपद. देऊळ करड्या ग्रॅनाइटचं, आताचं जे आहे ते अहिल्याबाई होळकरांनी 1787 साली बांधून घेतलेलं, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीची बाई, कुठं कुठं जाऊन काय काय करून ठेवलंय. आत खडकावर विष्णूचं पाऊल, साधारण चाळीस सेंटिमीटर, भोवती चांदीचा आठकोनी कठडा. गयासुराच्या अंगावर विष्णूने पाय ठेवून त्याला दाबला तेच हे. त्या पावलावर लोक पिंड टाकतात, तुळशी टाकतात, दूध ओततात, आणि मागून माणूस आपल्याला ढकलत असतं. मला फार तर अर्धा मिनिट मिळाला असेल. सोळा वेदींच्या मंडपात खांबाखांबाला नाव आहे, रुद्रपद, ब्रह्मपद असं, तिथं पिंड दिले ते भराभर उरकलं.

पण त्यानंतर मातृषोडशी. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, गुरुजींनी पण नाही. आईसाठी वेगळे सोळा पिंड. आणि प्रत्येक पिंडाला एक श्लोक, त्यात आईने आपल्यासाठी सोसलेलं एकेक दुःख, आणि शेवटी दरवेळी तेच, "तस्य निष्क्रमणार्थाय मातृपिण्डं ददाम्यहम्." त्याच्या फेडीसाठी हा पिंड. आचार्य श्लोक म्हणून मग अर्थ सांगायचे. पोटात असताना खाचखळग्यातून चालताना तिला जो त्रास झाला, त्याचा हा पिंड. बाळंतपणाच्या कळा, त्याचा हा. तुझ्यासाठी उपाशी राहिली, त्याचा. कडू काढे प्यायली, त्याचा. इथं ताई मधेच म्हणाली, "तू व्हायच्या वेळी प्यायची ती, मी बघितलंय, नाक दाबून प्यायची," ती तेव्हा सात वर्षांची होती.

मग आचार्य म्हणाले, रात्री तू अंथरूण ओलं करायचास, ती ओल्यात झोपायची, त्याचा हा.

शेवटचे चौदा महिने आई अंथरुणावर होती. डायपर लागायचे. मी त्यासाठी बाई ठेवली होती, दिवसाची एक आणि रात्रीची एक, चांगल्या होत्या दोघी, वेळेवर पैसे दिले, काही कमी केलं नाही. एकदा रात्रीची बाई आली नाही, बायको माहेरी होती, आणि मी आईच्या खोलीच्या दारात किती तरी वेळ उभा राहिलो. मला जमेना. शेवटी ताईला रात्री साडेअकराला फोन केला, ती सिडकोतून रिक्षाने आली आणि तिने केलं. आई जागीच होती. ती काही बोलली नाही मला, दुसऱ्या दिवशी नुसतं म्हणाली जेवलास का.

पिंड हातात धरून मी तसाच बसलो होतो. आचार्य पुन्हा म्हणाले, "ठेवा." ठेवला. ताई समोर दर्भाची काडी मोडत बसली होती, तिने वर बघितलं नाही, आणि तिला तेव्हा काय आठवत होतं ते मी विचारलं नाही. सोळा पूर्ण झाले. माझ्या पलीकडे बसलेला एक साठीचा आंध्रातला माणूस ढसाढसा रडत होता, त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बापाचे पिंड देताना या मंडपात कुणी रडत नव्हतं, हिशोब चालल्यासारखं चाललेलं असतं, पण इथं सगळा मंडपच गप्प झाला होता.

सगळ्यात शेवटी अक्षयवट. तिथं धर्मपिंड पण देतात, ज्यांचं कुणी नाही, ज्यांची नावं माहीत नाहीत, मागच्या जन्मीचे नातेवाईक, घरचे नोकरचाकर, जनावरं, झाडं, सगळ्यांसाठी. मी त्यात आईला सांभाळणाऱ्या दोन्ही बायांची मला माहीत नसलेली आडनावं आणि आमचा मोत्या असं मनात घेतलं. मग वडाखाली एक फळ किंवा भाजी कायमची सोडायची. आमच्या शेजारी लातूरचे एक काका होते, त्यांनी गंभीर चेहऱ्याने किवी सोडलं. पंडेजी त्यांना म्हणाले "जो पसंद हो वो छोड़िए," तर काका म्हणाले "फार पसंद आहे हो." ताईने पेरू सोडला, आईला आवडायचा म्हणून. मी सीताफळ सोडलं आणि याचा पश्चात्ताप मला दर दिवाळीच्या आसपास होणार आहे.

आता सुफल. तुमचं कार्य सफल झालं असं गयावालांनी तोंडाने म्हणायचं, त्याशिवाय विधी पुरा होत नाही. माझे दोन्ही हात फुलांच्या माळेने बांधले, फुलांचीच, तोडली तर तुटेल, पण कोण तोडतंय. आणि मग दक्षिणा. ठरलेले नऊ हजार वेगळे, हे वेगळं. आधी "श्रद्धेने द्या", मी आकडा सांगितला, तर "पितर के नाम पर इतना ही?" मग गोदान, मग शय्यादान, मग अकरा ब्राह्मणांचं भोजन, असे आकडे वर वर. मला राग आला, तासाभरापूर्वी आईचं तसं झालेलं आणि आता हे. ताईने माझ्या बांधलेल्या हातांकडे बघितलं, पर्स उघडली आणि म्हणाली, "पाच हजार, आणि सीतामाईची गोष्ट काल ऐकली आम्ही." पंडेजी आधी बघतच राहिले आणि मग इतके मोठ्याने हसले की बाजूचे लोक वळले. पाच हजारात सुफल झालं. पाठीवर थाप मारली आणि माळ सोडली. घासाघीस केली याचं मला वाईट वाटलं आणि नाही पण वाटलं.

बाहेर पडून आम्ही रमना रोडला तिळकूट घेतलं, ते तिथलं प्रसिद्ध, समोरच मोठे कुटून करत असतात, आणि तिथंच अनारसे दिसले. ताई थबकलीच. गयेत अनारसे! गोल गोळ्यासारखे, आत खवा, आपल्यासारखे जाळीदार चपटे नाहीत. तिने एक खाल्ला आणि म्हणाली चांगलाय, पण याला अनारसा म्हणणार नाही मी.

घरी आल्यावर मोडीच्या फोटोंचं बघितलं. बायकोच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी मोडीचा कोर्स केलेला, त्यांनी दोन दिवसांत वाचून पाठवलं. शके, तिथी, पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्या आजोबांचं (म्हणजे आमच्या तक्त्याच्या पण वरची दोन नावं मिळाली, जी आम्हाला माहीतच नव्हती), दोन भाऊ, एक गडी बरोबर होता त्याचं पण नाव. आणि मग, "सोबत कुटुंब व मातोश्री." कुटुंब म्हणजे बायको. बस. गड्याचं नाव आहे. ताईला मेसेज फॉरवर्ड केला, निळी खूण झाली, दिवसभर उत्तर नाही. रात्री आलं, "कुटुंब 🙏".

मावंदं आम्ही रविवारी घातलं, घरचेच तीसेक लोक. कुणी म्हणालं आता महालय घालायला नको, गयेचं झालं की सुटलात. आमच्या गुरुजींनी लगेच खोडून काढलं, असं काही नाही, भाद्रपदात पान वाढायचंच. काकूला ताईने मोबाइलवरचा तो फोटो दाखवला, तिथं ठेवायच्या आधी काढलेला, ती बराच वेळ स्क्रीन विझली की बोटाने परत लावत होती.

आत्याला मुद्दाम गाडी पाठवून आणलं होतं. पहिल्या पंगतीला बसवलं, आणि ताई तिच्या चांगल्या कानाशी जाऊन बसली. गयेला सगळ्यांची नावं घेतली का, आत्यानेच विचारलं. ताई म्हणाली सगळी घेतली, एक सोडून, तुझ्या आजीचं.

"तिला काय नाव," आत्या म्हणाली. "थोरली आई म्हणायचो आम्ही. गावात पण सगळे थोरलीच म्हणायचे."

"पण खरं नाव असेल ना आत्या."

आत्या भात कालवत राहिली. मग म्हणाली, "हातावर होतं की तिच्या. गोंदलेलं. इथं," आणि स्वतःच्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. "हिरवंगार. ती भाकरी थापायला बसली की मी बघायचे. शाळेत घातलं तेव्हा पहिलं ते वाचलं मी."

ताईच्या हातात वाढायचं तूप होतं, ते तिने खाली ठेवलं. "काय लिहिलं होतं?"

"आजोबांचं नाव," आत्या म्हणाली. "तूप वाढतेस का?"